आम्लातून बफरकडे: पिंपरीचे पेनिसिलिन आणि द्रवपडद्याची युक्ती

पिंपरी-चिंचवडचा औद्योगिक इतिहास लिहिणारे बहुतेक जण मोटारींपासून आरंभ करतात. टेल्को, बजाज, त्यांच्याभोवती वाढलेले सुटे भाग बनवणारे शेकडो छोटे कारखाने आणि मग चाकणला आलेल्या परदेशी कंपन्या, असा तो क्रम असतो. स्वयंचलनाची कथाही याच क्रमाने सांगितली जाते. आधी माणसांनी चालवलेले लेथ, मग संगणकाने चालणारी यंत्रे, मग वेल्डिंग करणारे रोबोटचे हात. या कथेत रसायनशाळेला जागा नसते. सुट्या भागावर चढवलेला मुलामा, कारखान्यातून बाहेर पडणारे पाणी, कच्च्या मालातली भेसळ या सगळ्यांचे नमुने रोज कुणीतरी गाळतो, आम्ल घालून हलवतो, सॉल्व्हंटमध्ये ओढून घेतो आणि तासाभराच्या हातकामानंतर यंत्रासमोर धरतो. मोजणारे यंत्र दोन मिनिटांत आकडा देते, पण त्याच्यापुढे नमुना ठेवण्यालायक करण्यात सकाळ जाते. हे काम हातावरून उतरवण्याची एक अतिशय बुद्धिमान पद्धत जगात १९८६ पासून उपलब्ध आहे. तिचे नाव द्रवपडदा. या पट्ट्याच्या संदर्भात तिच्याबद्दल लिहावेसे वाटते, कारण तिच्या मुळाशी असलेली रासायनिक युक्ती पिंपरीत त्याच्याही तीन दशके आधी टनावारी द्रवावर रोज राबत होती. नमुना तयार करण्याच्या स्वयंचलनाचे मूळ मोजमापाच्या यंत्रांत शोधण्याची आपली सवय आहे. ते कारखान्याच्या निष्कर्षण विभागात शोधले, तर पुढच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो, आणि या पट्ट्यात हे स्वयंचलन का अडले तेही समजते.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले. त्याच्या आठ वर्षे आधी, १९५४ मध्ये, पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड ही कंपनी उभी राहिली होती. सरकारी क्षेत्रातला औषधनिर्मितीचा हा देशातला पहिला कारखाना. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने तो उभारला गेला आणि १९५५ मध्ये तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. प्रतिजैविके देशातच आणि सरकारी कारखान्यातच व्हावीत, असा आग्रह धरणाऱ्यांत हाफकिन संस्थेचे माजी संचालक साहिबसिंग सोखी आघाडीवर होते. पुढे याच कारखान्याच्या संशोधन विभागात एम. जे. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधले. ते ज्या जीवाणूपासून मिळाले, त्याचे नाव त्यांनी ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना’ ठेवले. एखाद्या गावाचे नाव जीवशास्त्राच्या नामावळीत अशा रीतीने जावे, ही गोष्ट पिंपरीच्या शाळांत शिकवली गेली पाहिजे असे मला मनापासून वाटते.

पेनिसिलिन बनवण्यात बुरशी वाढवणे जितके अवघड, तितकेच ते ब्रॉथमधून वेगळे काढणे अवघड. फर्मेंटरमधून बाहेर येणाऱ्या गढूळ द्रवात बुरशीचे धागे, प्रथिने, उरलेली साखर, क्षार आणि रंगद्रव्ये असतात. हवे ते औषध त्या काळी लिटरमागे फार तर काही ग्रॅम. पेनिसिलिन हे सौम्य आम्ल आहे. आजूबाजूचे पाणी पुरेसे आम्लधर्मी केले, म्हणजे पीएच २ ते २.५ च्या दरम्यान आणला, की त्याच्या बहुतेक रेणूंवरचा विद्युतभार नाहीसा होतो आणि ते पाणी सोडून ब्यूटिल किंवा अ‍ॅमिल अ‍ॅसिटेटसारख्या सॉल्व्हंटमध्ये जाते. मग तो सॉल्व्हंट पीएच ७ च्या जवळपासच्या बफरशी मिसळला, की रेणूंवर भार परत येतो आणि पेनिसिलिन पुन्हा पाण्यात उतरते. हे दुसरे पाणी स्वच्छ असते आणि थोडे असते. म्हणजे एकाच फेरीत शुद्धीकरणही होते आणि औषध दाटही होते. अडचण एकच, पण मोठी: आम्लात पेनिसिलिन मिनिटांच्या हिशेबाने नष्ट होते. म्हणून सगळा द्रव बर्फाइतका थंड ठेवायचा आणि आम्ल घातल्यापासून बफरमध्ये उतरेपर्यंतचा वेळ शक्य तितका कमी करायचा. यासाठी पेनिसिलिन उद्योगाने १९४० च्या दशकाच्या मध्यापासून पॉडबिल्नियाक यांचे केंद्रोत्सारी यंत्र वापरले. वेगाने फिरणाऱ्या पिंपात दोन द्रव एकमेकांविरुद्ध दिशेने वाहतात, भेटतात आणि लगेच वेगळे होतात. हात लागत नाही, थांबावे लागत नाही.

ही युक्ती पहिल्यांदा सुचली ती ऑक्सफर्डमधल्या नॉर्मन हीटली यांना, १९४० मध्ये. फ्लोरी आणि चेन यांच्या चमूत पेनिसिलिन ईथरमध्ये उतरत होते, पण ईथर उडवून लावताना ते मरत होते. हीटलींनी सुचवले की ईथरमधून ते पुन्हा किंचित अल्कधर्मी पाण्यात ओढावे. ही सूचना त्यांनी कागदावर ठेवली नाही. काचेच्या नळ्या, बाटल्या, पंप, रंगीत दिवे आणि बाटली रिकामी झाली की वाजणारी दारावरची घंटा जोडून, ग्रंथालयाने टाकून दिलेल्या लाकडी कपाटाच्या सांगाड्यावर त्यांनी सतत चालणारे निष्कर्षणयंत्र उभे केले. ते तासाला सुमारे बारा लिटर द्रव हाताळत असे. माझ्या मते नमुना-शुद्धीकरणाच्या स्वयंचलनाचा पहिला टप्पा हाच. आम्लधर्मी पाणी, मधे सॉल्व्हंट, पलीकडे बफर, आणि तिन्ही प्रवाह माणसाच्या हाताविना चालू: १९८६ च्या द्रवपडद्यात असलेली प्रत्येक रासायनिक पायरी इथे आहे. नाही ती फक्त एक गोष्ट, पडदा.

गंमत अशी की त्याच हीटलींनी पेनिसिलिन मोजण्याची जी रीत शोधली, तिला नमुना तयार करण्याची जवळजवळ गरजच नव्हती. जीवाणू पेरलेल्या अगारच्या थाळीवर छोटी उघडी नळकांडी उभी करायची, त्यात नमुना घालायचा आणि रात्रभर उबेत ठेवायचे. सकाळी नळकांड्याभोवती जिथे जीवाणू वाढलेले नाहीत तिथे स्वच्छ वर्तुळ दिसते. त्याचा व्यास मोजला की पेनिसिलिन किती ते कळते. आंतरराष्ट्रीय एककाप्रमाणे ०.६ मायक्रोग्रॅम सोडियम पेनिसिलिन म्हणजे एक युनिट. ब्रॉथ गढूळ आहे, त्यात साखर आहे, रंग आहे, याने थाळीतल्या जीवाणूला फरक पडत नाही, कारण तो फक्त आपल्याला मारणाऱ्या पदार्थाला उत्तर देतो. किंमत वेळेत मोजावी लागते: आज घातलेल्या नमुन्याचा आकडा उद्या. पुढे रासायनिक पद्धती आल्या आणि १९७० च्या दशकानंतर उच्चदाब द्रव क्रोमॅटोग्राफी आली. आकडा मिनिटांत मिळू लागला, पण या यंत्राचा स्तंभ गढूळ ब्रॉथ सहन करत नाही. प्रथिनांनी तो तुंबतो, आणि आलेखात इतर पदार्थांचे शिखर हव्या त्या शिखरावर चढते. यंत्र जितके नाजूक आणि अचूक झाले, तितके त्याच्या आधीचे हातकाम वाढले. रसायनशाळेतल्या श्रमांचा इतिहास लिहिताना हे ध्यानात घेतले जात नाही. यंत्राने श्रम कमी केले हे अर्धेच खरे आहे. मोजण्याचे श्रम कमी झाले आणि तयारीचे वाढले.

हे श्रम यंत्राकडे सोपवण्याचा पहिला मोठा प्रयत्न रुग्णालयांसाठी झाला. अमेरिकेत लेनर्ड स्केग्ज यांनी १९५७ मध्ये सतत वाहत्या प्रवाहात रक्त तपासणारे यंत्र प्रसिद्ध केले. त्यात रक्तातली प्रथिने अडवण्यासाठी सेलोफेनसारखा पडदा होता. लहान रेणू पार जात, मोठे मागे राहत. पडद्याने नमुना स्वच्छ करण्याची कल्पना इथून रुळली. पण हा पडदा केवळ आकार ओळखतो आणि पलीकडे गेलेला पदार्थ आधीपेक्षा विरळ होतो. रक्तातली साखर मोजायला ते चालते, कारण ती भरपूर असते. नदीच्या पाण्यातले लिटरमागे मायक्रोग्रॅमभर तणनाशक शोधायचे, तर विरळ करणारा पडदा कामाचा नाही. १९७५ मध्ये डेन्मार्कमध्ये रुझिका आणि हान्सन यांनी बारीक नळीतून वाहणाऱ्या प्रवाहात नमुना टोचून तपासण्याची पद्धत मांडली आणि उत्तर युरोपातल्या अनेक प्रयोगशाळा प्रवाहातच सगळी रसायनक्रिया उरकण्याच्या मागे लागल्या. १९८६ मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठातून औडुन्सन यांचा निबंध आला. टेफ्लॉनचा सच्छिद्र पापुद्रा, त्याच्या सूक्ष्म छिद्रांत केशाकर्षणाने धरून ठेवलेला पाण्यात न मिसळणारा सॉल्व्हंट, आणि पापुद्र्याच्या दोन बाजूंना दोन अरुंद चर. एका चरातून नमुना वाहतो, दुसऱ्यात थोडा द्रव स्थिर उभा असतो. औडुन्सन अमाइन वर्गाचे पदार्थ तपासत होते, म्हणून त्यांनी नमुना अल्कधर्मी केला आणि पलीकडचा द्रव आम्लधर्मी. आम्लवर्गीय पदार्थांसाठी हेच उलटे करायचे, म्हणजे पेनिसिलिनच्या कारखान्यासारखे.

या रचनेचे मर्म असे. भार नसलेला रेणू सॉल्व्हंटमध्ये शिरतो, पापुद्रा ओलांडतो आणि पलीकडे पोचताच भारित होतो. भारित रेणूला सॉल्व्हंटमध्ये परत शिरता येत नाही. त्यामुळे पलीकडे भारविरहित रेणूंचे प्रमाण कायम शून्याजवळ राहते आणि ओढ थांबत नाही, मग पलीकडचा एकूण साठा मूळ नमुन्याच्या शेकडो पट दाट झाला तरी. मीठ, साखर आणि इतर भारित कण सॉल्व्हंटमध्ये शिरतच नाहीत. प्रथिनांसारखे अवाढव्य रेणूही मागे राहतात. यान ओके यॉन्सन आणि लेनार्ट माथियासन यांनी लुंडमध्ये पुढची अनेक वर्षे ही पद्धत मूत्र, रक्तद्रव, हवा, नदीचे पाणी अशा नाना नमुन्यांवर वापरली आणि तिला थेट क्रोमॅटोग्राफला जोडले. १९९९ मध्ये नॉर्वेत पेडर्सन-बियरगॉर आणि रासमुसेन यांनी सपाट पापुद्र्याऐवजी पॉलिप्रॉपिलीनची केसासारखी पोकळ नळी घेतली. तिच्या भिंतीत ऑक्टॅनॉल आणि पोटात काही मायक्रोलिटर आम्ल. नळी स्वस्त, एकदा वापरून टाकून देण्याजोगी. सॉल्व्हंटचा खर्च मिलिलिटरांवरून थेंबांवर आला.

इथे जाणकार वाचक हरकत घेईल की लुंडच्या रसायनशास्त्रज्ञांनी पेनिसिलिनच्या कारखान्याकडे पाहून काही केले नव्हते. ते प्रवाहातल्या विश्लेषणाच्या परंपरेतून आले. द्रवपडदा ही कल्पनाही त्यांच्याआधीची होती. एसो कंपनीत नॉर्मन ली यांनी तिचे पेटंट १९६८ मध्ये घेतले होते, तेही हायड्रोकार्बन वेगळे करण्यासाठी. मग पिंपरीचा संबंध ओढूनताणून आणला जात नाही काय? हरकत रास्त आहे. पिंपरीतून लुंडला कल्पना गेली असा माझा दावा नाही. माझा दावा वेगळा आहे. पीएचचा फरक हीच ओढणारी शक्ती आणि भार हाच सापळा, हे ज्ञान पेनिसिलिनच्या उद्योगाने १९४० पासून राबवले. पिंपरीतल्या कामगारांनी आणि केमिस्टांनी ते १९५५ पासून पाळीपाळीने हाताळले. तरीही त्याच ज्ञानाचा लहान आकारातला उपयोग आसपासच्या तपासणी प्रयोगशाळांत रुजला नाही. एखाद्या ठिकाणी एखादी पद्धत न येण्याची कारणे शोधताना आपण सहसा ज्ञानाचा अभाव हे पहिले कारण धरतो. इथे ज्ञान होते, ते कारखान्याच्या एका इमारतीत होते आणि प्रयोगशाळेच्या इमारतीत पोचले नाही. कारण दोन्हीकडचे प्रश्न एकच आहेत असे कुणी पाहिले नाही. निष्कर्षण विभाग उत्पादनाचा, तपासणी विभाग नियमांचा.

नियमांचा मुद्दा या पट्ट्यात फार महत्त्वाचा आहे. भोसरी आणि चिंचवडच्या औद्योगिक क्षेत्रांत मुलामा देणारे लहान कारखाने पुष्कळ आहेत आणि त्यांच्या टाक्यांत षट्संयुजी क्रोमियम राहत आले आहे. पर्यावरण संरक्षण नियमांतल्या सर्वसाधारण मानकांप्रमाणे नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात ते लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. युरोपीय संघाच्या २००० सालच्या वाहनविषयक निर्देशाने २००७ पासून गाड्यांच्या भागांतही त्यावर बंधन आणले, तेव्हा निर्यात करणाऱ्या सुट्या भागांच्या कारखानदारांनाही ते मोजणे भाग पडले. रूढ पद्धत डायफेनिलकार्बाझाइडची: आम्लधर्मी नमुन्यात ते घातले की जांभळट रंग येतो आणि तो ५४० नॅनोमीटरला मोजतात. पाणी स्वच्छ असेल तर पद्धत उत्तम. पण सांडपाण्यात लोह असते, तेल असते, गढूळपणा असतो. शिवाय आम्ल आणि सेंद्रिय पदार्थ एकत्र आले की षट्संयुजी क्रोमियम हळूहळू त्रिसंयुजी होते, म्हणजे विषारी रूप मोजायच्या आतच कमी होते. आम्लात पेनिसिलिन मरते आणि आम्लात हे क्रोमियमही बदलते. दोन्ही ठिकाणी शत्रू एकच आहे, थांबलेला वेळ. १९९९ मध्ये लुंडच्या गटाने एकामागे एक जोडलेल्या द्रवपडद्यांनी दोन्ही रूपे वेगळी काढून दाखवली. षट्संयुजी क्रोमेट ऋणभारित असतो, म्हणून एकटा सॉल्व्हंटमध्ये शिरत नाही; सॉल्व्हंटमध्ये मिसळलेला अ‍ॅलिक्वाट ३३६ हा वाहक त्याला पार नेतो. त्रिसंयुजी क्रोमियम धनभारित, त्याच्यासाठी दुसरा वाहक. नमुना वाहताना काही मिनिटांतच दोन रूपांची ताटातूट होते आणि गढूळपणा मागे राहतो. या पट्ट्याच्या गरजेला याहून नेमके बसणारे तंत्र शोधणे कठीण आहे.

तरी प्रत्येक तपासणीला ते लागू पडत नाही हे स्पष्ट सांगायला हवे. वाहन उद्योगाच्या सांडपाण्याची सर्वात नेहमीची तपासणी तेल आणि वंगणाची, मर्यादा लिटरमागे १० मिलिग्रॅम. नमुना आम्लधर्मी करून सेपरेटिंग फनेलमध्ये सॉल्व्हंटबरोबर हलवायचा, सॉल्व्हंट उडवायचा आणि उरलेले वजन करायचे. खनिज तेलाच्या रेणूवर कुठल्याही पीएचला भार येत नाही, म्हणून पलीकडे त्याला पकडायला सापळाच नाही. ते दोन्ही बाजूंना सारखे पसरून थांबेल. त्याहून खोल अडचण अशी की ‘तेल आणि वंगण’ हा एक पदार्थ नाही. त्या सॉल्व्हंटने, त्या रीतीने जे निघते त्यालाच हे नाव आहे. पद्धत बदलली की मोजायची वस्तूच बदलते. इथे हाताने फनेल हलवणे हा मागासलेपणा मानणे अन्यायाचे होईल.

दुसरी हरकत टिकाऊपणाची आहे आणि ती कारखान्यांच्या अनुभवातून येते. १९८० आणि १९९० च्या दशकांत खुद्द पेनिसिलिनच द्रवपडद्यातून नेण्याचे प्रयोग अनेक देशांत झाले. वाहक म्हणून अमाइन वापरले तर पीएच इतका खाली न्यावा लागत नाही आणि औषध वाचते, ही त्यामागची आशा होती. जोरहाटच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेने सेफालोस्पोरिन वर्गातल्या औषधांवर असेच काम केले. तरीही औषध कारखान्यांनी केंद्रोत्सारी यंत्रे सोडली नाहीत. इमल्शनच्या रूपातला पडदा फुगतो, फुटतो, आणि छिद्रांतला सॉल्व्हंट हळूहळू पाण्यात झिरपतो. व्हिस्कोजच्या सांडपाण्यातून जस्त परत मिळवण्यासाठी ऑस्ट्रियातल्या लेंझिंग इथे द्रवपडद्याचा कारखान्याच्या आकाराचा वापर १९८० च्या दशकात झाला, पण अशी उदाहरणे मोजकीच राहिली. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात किरणोत्सारी द्रवातून धातू वेगळे करण्यासाठी पोकळ नळ्यांचे द्रवपडदे बारकाईने अभ्यासले गेले, आणि तिथेही पडद्याचे आयुष्य हा कळीचा प्रश्न आहे. हे सगळे मान्य. पण कारखान्याला पडदा वर्षानुवर्षे चालावा लागतो, तर प्रयोगशाळेला एका नमुन्यापुरता चालला तरी पुरतो. नॉर्वेच्या पोकळ नळीने आयुष्याचा प्रश्न सोडवला नाही, तो निरर्थक केला. मोठ्या आकारात जे दुबळे ठरले, ते लहान आकारात बळकट ठरू शकते. म्हणून कारखान्यातले अपयश दाखवून प्रयोगशाळेतला उपयोग नाकारणे बरोबर नाही.

मग ही पद्धत इथे का आली नाही? मजुरी स्वस्त हे उत्तर नेहमी दिले जाते. ते पुरेसे नाही, कारण याच पट्ट्याने माणसे मिळत असताना वेल्डिंगचे रोबोट घेतले. दुसरे उत्तर असे की घनस्तंभावर नमुना शोषून घेण्याच्या पद्धतीने जागा आधीच व्यापली होती. त्या नळकांड्या तयार मिळतात, पुस्तिका मिळते, पुरवठादार शिकवायला येतो. द्रवपडद्याचे साहित्य बहुधा प्रयोगशाळेने स्वतः जुळवायचे असते. यात बरेच तथ्य आहे. पण निर्णायक कारण मला मानकांच्या भाषेत दिसते. पाणी तपासण्याचे भारतीय मानक ३०२५ असो वा औषधकोश, तिथे पद्धत कृतीच्या क्रमाने लिहिलेली असते: अमुक मिलिलिटर घ्या, अमुक सॉल्व्हंट घाला, इतका वेळ हलवा. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेने कृती बदलली, तर नवी पद्धत तितकीच भरवशाची आहे हे तिलाच सिद्ध करावे लागते. हा खर्च एकेकट्या लहान प्रयोगशाळेच्या आवाक्याबाहेरचा आहे, आणि लाभ मात्र सगळ्यांना होतो. रोबोट घेणाऱ्या कंपनीला त्याचा लाभ तिच्याच ताळेबंदात दिसतो. इथे तसे नाही.

२०१४ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने १७ प्रकारच्या अतिप्रदूषणकारी उद्योगांना सांडपाण्यावर सतत ऑनलाइन नजर ठेवणारी यंत्रणा बसवायला सांगितले. औषधनिर्मिती त्या यादीत आहे, धातूंवर मुलामा देण्याचा व्यवसाय नाही. शिवाय त्या यंत्रणेचा भर पीएच, निलंबित कण, ऑक्सिजनची मागणी अशा गोष्टींवर आहे, ज्यांच्यासाठी नमुना फारसा तयार करावा लागत नाही. म्हणजे जिथे तयारी सोपी तिथे स्वयंचलन आले, आणि क्रोमियमची बाटली अजूनही हाताने भरून, बर्फात ठेवून, गाडीने प्रयोगशाळेत जाते. द्रवपडदा आणायचा तर आरंभ याच बाटलीपासून करणे शहाणपणाचे. भोसरीत एकच नमुना रूढ पद्धतीने आणि द्रवपडद्याने, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात, निरनिराळ्या कारखान्यांच्या पाण्यावर तपासून त्याचे आकडे मानक ठरवणाऱ्या समितीपुढे ठेवता येतील. त्यासाठी लागणारी पोकळ नळी आणि वाहक महाग नाहीत. लागेल तो तुलनेचा वर्षभराचा खर्च, आणि तो कारखानदारांच्या संघटनेने औद्योगिक विकास महामंडळासह उचलायला हवा.